सशाच्या पाठीतलं पाणी

उंद्रीहून बोलतोय. आजचा विषय डोक्याचा आहे, म्हणजे खरंच डोक्याचा: मेंदूज्वर.

जंतूंमुळे घसा सुजला तर अँटिबायोटिकच्या गोळीवर भागतं. मग जंतूंमुळे मेंदूज्वर झाला की डॉक्टर सरळ शिरेतून, तेही भरपूर डोस का देतात? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा आहे. रक्तातलं औषध सगळंच्या सगळं पलीकडे जात नाही. काही औषधं तर दारातच अडतात.

आता कोणतं औषध किती आत जातं, हे आजारी लेकरावर तर तपासता येत नाही. म्हणून ससा. 1974 साली अमेरिकेत डेसी आणि सँडे यांनी सशावरच्या प्रयोगाची पद्धत मांडली. सशाच्या मानेच्या मागून, मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू सोडायचे, काही तासांनी औषध सुरू करायचं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा काढून जंतू मोजायचे. उंदरात हे पाणी थेंबभरही निघत नाही, म्हणून ससाच. जनावराचा जीव जातो यात, हे मला खटकतंच. पण यातून जे कळलं ते मोठं आहे. बाटलीत जंतू मारायला जेवढं औषध पुरतं, त्याच्या दहापट किंवा जास्त या पाण्यात लागतं. कारण तिथे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर फार चालत नाही.

अजून एक गंमत. सूज असते तेव्हा पडदा सैल होतो आणि पेनिसिलिन बरं आत जातं. पेशंट सुधारला, सूज उतरली, की दार परत लागतं. म्हणूनच ताप उतरला तरी डॉक्टर डोस कमी करत नाहीत. नातेवाईक म्हणतात, "आता कशाला एवढ्या सुया?" तर यासाठी, भाऊ!

सूज उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, तर सशात व्हॅन्कोमायसिन आत जायचं प्रमाण घटलं. माणसात मात्र डोस पुरेसा ठेवला तर औषध पोचतं, असं पुढे दिसलं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग सर्व्हरवर जे दिसलं ते लाईव्हवर तसंच होईल असं नाही.

असली तुलना आपल्याकडेही झाली आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत 1940 च्या दशकात साहिब सिंग सोखी आणि सहकाऱ्यांनी प्लेगच्या उंदरांवर सल्फा औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिन तपासलं. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन जबरदस्त. पण प्लेग मेंदूच्या आवरणात शिरला की तिथे ते नीट पोचत नाही, म्हणून क्लोरॅम्फेनिकॉलचं नाव पुढे येतं. जंतू तोच, जागा बदलली की औषध बदललं.

आता कामाचं. जोराचा ताप, मान आखडलेली, उलट्या, लेकरू गुंगीत, असं दिसलं तर मेडिकलवरून गोळी आणून दोन दिवस वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. त्या गोळीने आजार जात नाही, पण पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं की त्यात बरेचदा जंतू वाढतच नाहीत. मग नेमकं औषध कोणतं, हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं.

काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.