ऑपरेशननंतरची रात्र
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांसमोर केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी चाळिशीत इथे राहायला आलेली मंडळी आज पासष्टीला पोचली. कुणाचा गुडघा, कुणाचा खुबा, ऑपरेशनची पाळी घराघरात येतेच. मी भूलतज्ज्ञ, म्हणून जिन्यात हमखास विचारणा होते, "डॉक्टर, ऑपरेशननंतर म्हातारी माणसं वातात बरळतात, त्यासाठी मेलाटोनिनची गोळी द्यायची का?"

या बरळण्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. दुपारी नीट बोलणारे आजोबा रात्री सलाईन उपटतात, मुलाला ओळखत नाहीत. काही जण उलट गप्प पडून राहतात, ते तर लक्षातही येत नाही. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. आजारपण, वेदना, औषधं, जागरण यांचा तो मेंदूवरचा ताण. बहुधा काही दिवसांत उतरतो. पण तेवढ्यात पेशंट पलंगावरून पडू शकतो, मुक्काम लांबतो.

मेलाटोनिन आपल्याच मेंदूत, अंधार पडला की तयार होतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी ते १९५८ मध्ये शोधलं. त्यामुळे गोळीची कल्पना रास्तच, आणि काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाही. पण नेदरलँड्समध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या ३७८ वृद्धांवर मोठी चाचणी झाली. २०१४ चा निकाल असा: मेलाटोनिन घेतलेल्यांपैकी २९.६ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकी २५.५ टक्के लोकांना डिलिरियम झाला. म्हणजे गोळीवर भिस्त ठेवता येत नाही.

मग काय करायचं? त्याच येलमध्ये शेरॉन इनूये यांनी दवाखान्यात दाखल झालेल्या, सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. हे ऑपरेशनचे पेशंट नव्हते, पण धडा आपल्याही कामाचा. चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, लवकर चालवणं, वेळ-ठिकाणाची आठवण, झोपताना कोमट दूध आणि पाठ चोळणं, एवढ्यावर प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं.

भिवंडीत यातलं एक फार महत्त्वाचं. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांना कमी ऐकू येतं. ज्याला ऐकूच येत नाही, तो परक्या खोलीत रात्री गोंधळणारच. "हरवेल" म्हणून श्रवणयंत्र कपाटात ठेवू नका, बरोबर न्या. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवा मंद करा, टीव्ही-मोबाइल बंद. उशाशी ओळखीचा एक माणूस असू द्या. पाहुण्यांची जत्रा नको.

आणखी एक. रोज झोपेची गोळी किंवा रोजची क्वार्टर असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा. लाज वाटते म्हणून लपवलं, की ती एकदम बंद होते, आणि तेवढ्यानंही डिलिरियम होतो.

मेलाटोनिन द्यायचं की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. बाकीचं सगळं आपल्या हातात आहे, आणि त्याला प्रिस्क्रिप्शन लागत नाही.