काळ्या कातळाखालची जमीन

पुण्याजवळच्या मारुंजीच्या टेकडीत कुठेही खणले तरी मुरुमाखाली लागतो तो काळा दगड. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. आज पदवी घेणाऱ्या बहुतेक स्नातकांचे काम या दगडाच्या वरच्या काही मीटरांतच चालेल. या दीक्षान्त भाषणाचा विषय मात्र त्या दगडाच्या तळाखालचा आहे. तिथे अब्जावधी वर्षांचे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप याच जुन्या पायात झाला.

हा पाया न खणता चाचपण्याचे दोन मार्ग आहेत: गुरुत्व आणि चुंबकत्व. गुरुत्वमापी पृथ्वीच्या ओढीतला दहा लाखाव्या भागाहूनही लहान फरक टिपतो. उपकरण एक मीटर वर नेले तरी ओढ सुमारे ०.३ मिलिगॅलने घटते, म्हणून सह्याद्रीत उंची आणि आसपासच्या डोंगरांचा हिशेब आधी चुकता करावा लागतो. मग उरतो तो खडकांच्या घनतेतला फरक : बेसाल्ट घनसेंटिमीटरला सुमारे २.९ ग्रॅम, ग्रॅनाइट २.७, गाळाचे खडक बहुधा त्याहून हलके.

चुंबकमापीचे दुखणे वेगळे. बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे आणि त्याचे बरेच थर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटे असताना थिजले. त्यामुळे वरच्या थरांचा गोंगाट वजा करून खोलवरचे रुंद, संथ चढउतार वेगळे काढावे लागतात. त्यात माणसाची भर असतेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवावे लागले. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतील लोखंडी शेड आणि उच्चदाबाच्या तारा याबाबतीत ट्रामपेक्षा सौम्य नाहीत.

गुरुत्वाची खरी अडचण अशी, की एकाच आकड्याची उत्तरे अनेक निघतात. कोयना आणि कुर्डुवाडी भागात गुरुत्व लक्षणीय कमी भरते. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम् आणि जनार्दन नेगी यांनी त्यावरून बेसाल्टखाली हलक्या गाळाने भरलेल्या दोन खचदऱ्या असल्याचे मांडले. कल्पना आकर्षक होती, नकाशावर शोभतही होती. पण किल्लारीला भोक पाडले तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळ निघाला जेमतेम ८ मीटर, आणि लगेच जुना पाया. कोयना परिसरात गोठणे येथील ३ किलोमीटर खोल छिद्रात सुमारे १,२५० मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक सुरू झाला. मध्ये गाळ नव्हताच. कोयनेतली तूट गाळाच्या माथी मारणे त्यामुळे कठीण झाले. तिचे कारण पायाच्या आतल्या हलक्या खडकांत किंवा भूकवचाच्या जाडीत शोधावे लागते.

कोयना परिसरात विमानातून गुरुत्व-प्रवणता आणि चुंबकत्वाचे सर्वेक्षणही झाले आहे. छिद्रांनी बेसाल्टची जाडी जिथे पक्की केली, तिथे त्या नोंदींतून बेसाल्टचा वाटा वजा करता येतो. उरलेल्या आकड्यांतून पायातल्या भेगांच्या दिशा काढून त्या भूकंपाच्या नाभींशी ताडून पाहता येतात.