शाल-श्रीफळ आणि शासन निर्णय



थोड्या वेळापूर्वी याच मंचावर परिसरातल्या माजी सैनिकांचा आणि वीरपत्नींचा सत्कार झाला. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. ते योग्यच झालं, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या हातात याहून फार काही असतही नाही. पण आमदार-खासदारांच्या हातात असतं. तेही जेव्हा 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि एक फोटो एवढ्यावर थांबतात, तेव्हा आपण त्यांचंही कौतुक करतो. माझा आक्षेप इथे आहे. सत्कार कोणीही करू शकतो. कायदा, नियम आणि अंदाजपत्रक यांना हात घालण्याचा अधिकार मात्र आपण मोजक्याच माणसांना निवडून देतो. सैनिकाच्या बाबतीत लोकप्रतिनिधीचं मोजमाप त्या कामावरूनच व्हायला हवं. त्यासाठी मी एकच प्रकरण घेणार आहे, ‘वन रँक वन पेन्शन’चं. त्यात एका खासदाराच्या समितीने काय साधलं हे दिसतं आणि काय साधता आलं नाही हेही दिसतं.

आधी मूळ दुखणं समजून घेऊ. केंद्र सरकारचा मुलकी कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आपल्या राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी अठ्ठावन्नाव्या. शिपाई म्हणून सैन्यात भरती झालेला मुलगा मात्र बहुधा पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. ही त्याची हौस नसते. डोंगरावर, बर्फात, पाठीवर ओझं घेऊन चालणारी फौज तरुण राहावी म्हणून सरकारने तसे नियम केले आहेत. याचा अर्थ असा की मुलकी कर्मचाऱ्याला ज्या वीस वर्षांत वेतनवाढी, बढत्या आणि दोन वेतन आयोग मिळतात, ती वीस वर्षं हवालदाराच्या हिशोबात नसतातच. त्याचं निवृत्तिवेतन त्या जुन्या, कमी पगारावर बेतलेलं असतं. पुढे नवा वेतन आयोग आला की आज निवृत्त होणाऱ्या हवालदाराचा आकडा वर जातो. त्याच हुद्द्यावरून, तेवढीच सेवा करून आधी निवृत्त झालेल्याला थोडी वाढ मिळते, पण तो मागेच राहतो. मेजर जनरल एस. पी. एस. वैन्स यांच्या प्रकरणात हा विचित्रपणा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 1996 च्या आधी निवृत्त झालेल्या मेजर जनरलला नंतर निवृत्त झालेल्या ब्रिगेडियरपेक्षा, म्हणजे एक पायरी खालच्या अधिकाऱ्यापेक्षा, कमी निवृत्तिवेतन बसत होतं. 2008 मध्ये न्यायालयाने हे अमान्य केलं. पण मेजर जनरल कोर्टात जाऊ शकतो. गावाकडचा नाईक कुठे जाणार?

हा प्रश्न कोणाला माहीतच नव्हता असंही नाही. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, 1973 पासून, आपलं निवृत्तिवेतन मुलकी सूत्राला बांधून घटवलं गेलं, ही माजी सैनिक संघटनांची जुनी तक्रार आहे. शरद पवार संरक्षणमंत्री असताना 1991 मध्ये या विषयावर उच्चस्तरीय समिती झाली. तिने मूळ मागणी न स्वीकारता एकवेळची वाढ सुचवली. अशा एकवेळच्या वाढींची गंमत अशी की त्या दिल्या त्या दिवशी सगळे खूश असतात आणि पुढचा वेतन आयोग आला की दरी पुन्हा तशीच उभी राहते.

मग सहाव्या वेतन आयोगानंतर असंतोष रस्त्यावर आला, शेकडो माजी सैनिकांनी आपली पदकं राष्ट्रपतींकडे परत केली, आणि विषय राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला. तिचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. महाराष्ट्राला हे नाव वेगळ्याच कारणांनी लक्षात आहे, आणि राज्यपाल म्हणून त्यांनी केलेल्या विधानांवर तुमचं जे मत असेल ते मी बदलायला आलेलो नाही. पण त्याआधी हा उत्तराखंडचा खासदार होता, घरटी फौजी असलेल्या डोंगराळ प्रदेशातला, आणि विरोधी बाकांवरचा. याचिका समितीकडे टीव्हीचे कॅमेरे फिरकत नाहीत. साध्या नागरिकाचं गाऱ्हाणं संसदेपुढे नेण्याची ही जागा. दहा सदस्य, वेगवेगळ्या पक्षांचे. ते खात्याच्या सचिवांना बोलावतात, कागद मागतात, साक्षी घेतात. 19 डिसेंबर 2011 रोजी या समितीने अहवाल सादर केला आणि मागणी पूर्णपणे उचलून धरली. त्यातली दोन कामं मला फार मोलाची वाटतात. पहिलं म्हणजे तिने मागणीची नेमकी व्याख्या लिहून ठेवली. समान हुद्दा आणि समान सेवाकाळ असेल तर निवृत्तीची तारीख कोणतीही असो, निवृत्तिवेतन समान. आणि पुढे दर वाढले तर ती वाढ जुन्यांना आपोआप मिळावी. तोवर वेगवेगळ्या पक्षांच्या आश्वासनांत ही घोषणा आपापल्या सोयीच्या अर्थाने नांदत होती.

दुसरं काम असं की समितीने सरकारी नकार एकेक करून तपासला. मुलकी कर्मचारीही हेच मागतील, जुनी सेवापत्रकं जतन केलेली नाहीत, खर्च परवडणार नाही, कायदेशीर अडचणी येतील, असे आक्षेप होते. समितीचं उत्तर सरळ होतं. सैनिकाच्या सेवेच्या अटी मुलकी नोकरीसारख्या नाहीत, म्हणून तुलना लागू पडत नाही. आणि कागद सरकारने जपले नसतील तर त्याची शिक्षा शिपायाला का? खर्चाचा वार्षिक अंदाज तिच्यापुढे 1,300 कोटी रुपयांचा ठेवला गेला. त्यात 1,065 कोटी अधिकारी हुद्द्याखालच्या सैनिकांसाठी, 235 कोटी अधिकाऱ्यांसाठी. देशाच्या मानाने हा आकडा मोठा नाही असं समितीने म्हटलं.

आता समितीची दुबळी बाजूही सांगायला हवी. तो अंदाज साफ चुकला. फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम अंदाजपत्रकात 500 कोटींची घोषणा झाली, जुलैमध्ये नव्या सरकारने 1,000 कोटी म्हटले. जंतरमंतरवर 2015 च्या जूनपासून माजी सैनिक उपोषणाला बसले. आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. 5 सप्टेंबर 2015 ला त्यांनी निर्णय जाहीर केला आणि 7 नोव्हेंबरला आदेश निघाला. तेव्हा वार्षिक भार साडेसात हजार कोटींच्या आसपास निघाला, म्हणजे समितीला दिलेल्या आकड्याच्या पाचपटीहून जास्त. शिवाय आदेशात ‘आपोआप’ नव्हतं. दर पाच वर्षांनी फेरआढावा होईल आणि आधार 2013 मध्ये निवृत्त झालेल्यांच्या कमाल-किमान निवृत्तिवेतनाची सरासरी असेल, असं ठरलं. म्हणजे दोन फेरआढाव्यांच्या मधल्या काळात दरी पुन्हा पडू शकते. माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी कोश्यारी अहवालावर भिस्त ठेवली. 16 मार्च 2022 च्या निकालात न्यायालयाने सरकारची योजना वैध ठरवली. अहवालातून विषयाचा इतिहास कळतो, पण तो म्हणजे सरकारचं धोरण नव्हे, असं न्यायालय म्हणालं. एक दिलासा मात्र दिला: 1 जुलै 2019 चा थकलेला फेरआढावा करा. त्यानंतर डिसेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने तो मंजूर केला. लाभार्थी 25 लाख 13 हजार, वाढीव वार्षिक खर्च सुमारे 8,450 कोटी.

यावर कोणी म्हणेल, मग त्या अहवालाचा उपयोग काय झाला? अंमल करायचा तो सरकारनेच, आणि तोही रस्त्यावरच्या दबावाखाली. आक्षेपात तथ्य आहे. पण अहवालाआधीची चार दशकं बघा. तेव्हाही दबाव होता, निवेदनं होती, आश्वासनं होती. नव्हता तो सर्वपक्षीय सहीशिक्क्याचा असा कागद, ज्याच्यावर बोट ठेवून ‘तुम्ही दिलंत ते यापेक्षा इतकं कमी आहे’ असं म्हणता येईल. 2015 नंतरचं सगळं भांडण त्या व्याख्येशी तुलना करत झालं, न्यायालयातलंसुद्धा. माझ्या मते अहवाल वाया गेला नाही, तो अर्ध्या वाटेवर सोडून दिला गेला. 2011 नंतर त्याच सदस्यांनी, त्याच पक्षांनी ती व्याख्या कायद्यात उतरवून घेतली असती, तर न्यायालयाला ‘हे धोरण नव्हे’ असं म्हणता आलं नसतं. सत्ता 2014 मध्ये कोश्यारींच्याच पक्षाकडे आली होती, हेही विसरू नये.

तिजोरीचा आक्षेप याहून जड आहे, आणि तो देशद्रोही वगैरे मुळीच नाही. 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटींची तरतूद होती. त्यातले सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. हा पैसा तोफांवर, विमानांवर जाऊ शकला असता असं म्हणणारे सैन्याचे शत्रू नसतात. पण निवृत्तिवेतन ही मर्जीने दिलेली बक्षिसी नव्हे, हे नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगून टाकलं. ते आधीच करून घेतलेल्या कामाचं देणं आहे. खर्च कमी करायचाच तर वाट दुसरी आहे: चाळिशीतल्या, शिस्तीच्या, यंत्रं हाताळू शकणाऱ्या माणसाला दुसरी नोकरी मिळेल अशी व्यवस्था करा. माजी सैनिकांसाठी सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा आहेत, पण त्यातल्या किती भरल्या जातात, किती ‘पात्र उमेदवार नाही’ म्हणून पुढे ढकलल्या जातात, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक आमदाराला तारांकित प्रश्नातून आहे. शाल घालायला वेळ मिळतो, तर एक प्रश्न टाकायलाही मिळायला हरकत नाही.

‘सैनिकच का?’ हाही आक्षेप तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. पोलीस आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, गटारात उतरणारे कामगार आहेत. यावर ‘सैनिक सीमेवर मरतो’ एवढं उत्तर मला अपुरं वाटतं, कारण गटारातही माणसं मरतात. खरं कारण हे की सैनिकाला सरकार स्वतःच्या गरजेसाठी लवकर घरी पाठवतं. पण कळवळा लष्कराच्या दारात थांबू नये. केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दलात 2004 पासून भरती झालेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, सैन्याला मात्र त्यातून सूट आहे. ज्या खासदाराला सैनिकांचा कळवळा आहे त्याला हा फरकही खटकला पाहिजे.

स्मारकांचं काय? त्यांना मी कमी लेखत नाही. पुण्यात घोरपडीला लोकवर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक आहे. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक 2019 मध्ये झालं, त्यासाठी राजीव चंद्रशेखर यांच्यासारखे खासदार वर्षानुवर्षं मागे लागले होते. पण स्मारकाचं उद्घाटन एकदा होतं. सैनिकाच्या विधवेला हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. तिचं नाव सेवापत्रकात ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’ आणि बँकेत नवऱ्याच्या आडनावाच्या जुन्या स्पेलिंगने असलं की कुटुंब निवृत्तिवेतन अडतं. मग ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पेन्शन कार्यालय अशी कागदाची वारी सुरू होते. अंगठ्याचा ठसा झिजलेल्या बाईला यंत्र ओळखत नाही. तालुक्याच्या आमदाराने महिन्यातून एक दिवस या सगळ्या खात्यांची माणसं एका टेबलाशी बसवली, तर त्याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. बातमीही फार मोठी होत नाही, कदाचित म्हणूनच ते क्वचित घडतं.

आणि आता एक विषय थेट तुमच्या वयाचा. अग्निपथ योजना 2022 मध्ये आली. चार वर्षांची सेवा, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांची आरोग्ययोजना नाही, कॅन्टीनही नाही. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला दाखल झाली, म्हणजे तिची चार वर्षं 2026 च्या अखेरीस आणि 2027 च्या सुरुवातीला भरतात. या योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखं पुष्कळ आहे; फौज तरुण राहावी आणि निवृत्तिवेतनाचा भार कमी व्हावा, हा तिच्यामागचा विचार मी वर सांगितलेल्या आक्षेपातूनच आलेला आहे. पण पंचविशीच्या आसपास परत येणाऱ्या मुलांना पदवीसाठी कोणत्या वर्षात प्रवेश मिळेल, सैन्यात शिकलेल्या कामाचं श्रेय धरलं जाईल का, वयोमर्यादेत सवलत किती, हे बरंचसं राज्याच्या आणि विद्यापीठांच्या हातातलं आहे. त्यांच्यातले काही जण तुमच्या वर्गात येऊन बसतील. आपल्या विधिमंडळातही विनंती अर्ज समिती आहे. नागरिकांनी लिहिलेला अर्ज सदस्यामार्फत सभागृहात जातो आणि समितीकडे पोचतो. तुमच्यापैकी राज्यशास्त्राच्या आणि एनसीसीच्या मुलामुलींनी असा एक अर्ज नीट आकड्यांसह तयार केला, तर तो घेऊन आपल्या आमदारांच्या कार्यालयात जा. मजकूर तपासून द्यायला मी आनंदाने बसेन. पारितोषिक वितरण खोळंबलं आहे, तेव्हा इथेच थांबतो.