आडात टाकलेला भाऊ



आजच्या व्याख्यानासाठी मी बायबलमधली एक कथा घेतली आहे. ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकाच्या ३७ ते ५० या अध्यायांत ती येते. भावांनीच विकून टाकलेल्या योसेफाची ही कथा. भाऊबंदकी म्हणजे काय, हे पांढुर्णा-सौसरच्या जुन्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. धुरा, विहिरीची पाळी, संत्र्याच्या बागेची वाटणी, यांवरून एका आईची लेकरे एकमेकांचे तोंड पाहीनाशी झालेली तुम्हीही पाहिली असतील. म्हणून प्रश्न आपलाच आहे: ज्याचा घरच्यांनीच घात केला, त्याने देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

योसेफ १७ वर्षांचा, बापाचा लाडका. भावांनी त्याचा अंगरखा काढून घेतला, त्याला कोरड्या आडात टाकले आणि मग ती मंडळी जेवायला बसली. पुढे चांदीच्या २० नाण्यांना त्याला व्यापाऱ्यांच्या हवाली केले. या प्रसंगात योसेफाचा एक शब्दही कथेत नाही. तो गप्प होता, असे वाटून आपण पुढे जातो. पण पाच अध्यायांनंतर, वीसेक वर्षे उलटल्यावर, तेच भाऊ दुष्काळात धान्य मागायला मिसरात येतात. अडचणीत सापडल्यावर ते आपसांत कबूल करतात, की तो आपल्याला काकुळतीने विनवत होता आणि आपण ऐकले नाही. योसेफाचे रडणे आपल्याला कळते ते अपराध्यांच्या तोंडून. मला हे फार महत्त्वाचे वाटते. ही कथा दुःख पुसून टाकत नाही.

आडातून गुलामी, गुलामीतून खोटा आळ, आळातून तुरुंग. तुरुंगात राजाच्या प्यालेबरदाराला त्याने स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि ‘सुटलास की माझी आठवण ठेव,’ म्हणून विनवले. तो सुटला आणि विसरला. आणखी दोन वर्षे गेली. या सगळ्या काळात योसेफाला पुढचे काही ठाऊक नव्हते. आपण शेवट वाचलेला असतो, त्याने वाचलेला नव्हता. त्याच्या हाती होते ते समोरचे काम. ते त्याने मालकाच्या घरी केले, तुरुंगात केले आणि ३० व्या वर्षी फारोचा कारभारी झाल्यावर सुगीच्या सात वर्षांत धान्य साठवून केले. भरवसा म्हणतात तो हाच.

कथेच्या अखेरीस बाप वारतो. आता योसेफ सूड घेईल, या भीतीने भाऊ पाया पडतात. तेव्हा योसेफ रडतो आणि सांगतो, की तुम्ही माझे वाईटच योजले होते. देवाने मात्र त्यातून अनेकांचे प्राण वाचावेत अशी योजना केली. वाईट ते वाईटच राहिले, त्याने त्याला चांगले म्हटले नाही. माफीदेखील भाबडी नव्हती. ज्या यहूदाने त्याला विकण्याची कल्पना काढली, तोच धाकट्या बन्यामीनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला पुढे आला, तेव्हा योसेफाने आपली ओळख दिली.

आपल्याकडे संत्र्याच्या झाडाला बहारासाठी ताण देतात. पाणी तोडतात, पाने मलूल होतात, मग पाणी सोडले की झाड फुलते. दुःखही असाच देवाने दिलेला ताण आहे, असे सांगायचा मोह होतो. मी तसे सांगणार नाही. शेतकरी झाडाचे भले पाहून, मोजून ताण देतो. योसेफाचे भाऊ काही बागवान नव्हते. देवाची योजना हा शब्द घात करणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी वापरायचा नसतो आणि बघ्यांनी दुखावलेल्याला गप्प करण्यासाठीही वापरायचा नसतो. तो उच्चारण्याचा हक्क एकट्या योसेफाचा होता आणि त्यालाही तो वीस वर्षांनी सापडला.

आपल्या मराठीत अशी एक बाई होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळी वर्षांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, ते पुढे पुण्याला नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सदनाच्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आपला विश्वासघात झाला, असे पुण्यातल्या पालकांना वाटले. रमाबाईंसाठी तो सोबत्यांनी साथ सोडण्याचा काळ होता. दोन्ही बाजूंची वेदना खरी होती.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्यप्रांतात आल्या. सौसरचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी, निराधार अशा शेकडो मुली-बायकांना त्यांनी सोबत नेले आणि त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. आई-बाप का गेले, याचे उत्तर त्यात नव्हते. ज्या भुकेने त्यांचे घर गिळले, तिच्या तोंडातून दुसऱ्यांची लेकरे काढणे तेवढे होते. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल साध्या मराठीत आणण्यात आयुष्याची उरलेली वर्षे घातली. त्या कामाच्या अखेरच्या काळात, १९२१ मध्ये, मुलगी मनोरमाही गेली. १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या.

तेव्हा तुमच्या घरात, नात्यात कोणी आडात पडलेला असेल, तर त्याला आधी योजना सांगू नका. त्याची विनवणी ऐका, वीस वर्षे थांबू नका. आणि तुम्हीच आडात असाल, तर आजच अर्थ सापडला पाहिजे, असा हट्ट धरू नका. आजचे काम करा, रडू आले तर रडा. योसेफ मिसरचा कारभारी झाल्यावरही रडत होता आणि त्याच्या कोठारातले धान्य तरीही उपाशी माणसांपर्यंत पोचत होते.