घराण्याला बोल लावण्यापूर्वी



मी डॉक्टर नव्हे. कामगारांचे रजेचे अर्ज लिहिता लिहिता जे वाचावे लागले, तेवढीच माझी विद्या.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यातील कामगाराला पेटी उचलून फळीवर ठेवता येईना. जिना चढताना मांड्या साथ देईनात. मुकादम म्हणाला, कामचुकार! निदान निघाले स्नायुदाहाचे. शरीराची संरक्षक यंत्रणा जंतूंशी लढायची, ती आपल्याच स्नायूंवर उलटते, असा हा आजार. पुढे कळले की त्याच्या आईला आमवात आहे आणि थोरल्या बहिणीला थायरॉइडचा विकार. झाले! धाकटीच्या सोयरिकीत कुजबुज सुरू झाली, की यांच्या रक्तातच खोट आहे.

या कुजबुजीत तथ्य किती? १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा रुग्णांच्या अगदी जवळच्या रक्तसंबंधीयांपैकी शेकडा सुमारे २२ जणांना शरीर स्वतःवरच उलटण्याचा कोणता ना कोणता आजार आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या कुटुंबांत हे प्रमाण शेकडा सुमारे ५ होते. तेव्हा घराण्याचा संबंध आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शंभरांतील ७८ जणांना असा आजार नव्हता, हेही त्याच पाहणीने सांगितले. स्नायुदाह तर एका घरात दोघांना होणे विरळाच.

असे का व्हावे? आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याच्या कामी येणारा 'एचएलए' नावाचा जनुकांचा गट आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतो. त्याचा एक वाटा आईकडून येतो, एक वडिलांकडून. सख्ख्या भावंडांत दोन्ही वाटे जुळण्याचा संभव चारांत एक. यांतले काही प्रकार आजाराकडे कल वाढवतात. पण कल म्हणजे आजार नव्हे. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या असंख्य लोक घेतात. त्यांतल्या फारच थोड्यांना स्नायूंचा असा विकार जडतो, आणि त्यांच्यात एचएलएचा एक विशिष्ट प्रकार वारंवार सापडतो. तरीही तो प्रकार असलेल्या बहुतेकांना त्या गोळ्या बाधत नाहीत. बीज असले तरी ते उगवतेच असे नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच : डॉक्टरांनी विचारले, तर घरातले आजार लपवू नका. तेथे ही माहिती उपयोगाची आहे. सोयरिकीच्या बैठकीत तिचे हत्यार करू नका.

तो कामगार औषधोपचारानंतर बसून करायच्या कामावर परतला. बहिणीची सोयरीक मात्र अजून अडलेली आहे. तिला कसलाही आजार नाही.