राजधानीचा थोरला रस्ता आणि आपण



आज एका रस्त्याबद्दल बोलायचं आहे. क्रॉफर्ड मार्केटकडून निघून बोरीबंदरावरून फाउंटनला जातो तो, आपल्या मुंबई राजधानीचा थोरला रस्ता. गोऱ्या साहेबाने त्याला हॉर्नबी नावाच्या गव्हर्नरचं नाव दिलं होतं. पुढे तो दादाभाई नौरोजी रोड झाला. तिथल्या काचेच्या कपाटातला माल घेण्याची आपली ऐपत कधीच नव्हती. आपण तिकडे गेलो ते मोर्चाला. म्हणून कुणी विचारील, गिरणीवाल्याचा त्या रस्त्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो सुताचा आहे.

पूर्वी तिथे कंपनी सरकारचा कोट होता. भोवती तट, खंदक आणि तीन दरवाजे. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या अमदानीत तो तट पाडला, तेव्हा रस्त्याला ऐसपैस जागा मिळाली. चर्चगेट दरवाजा होता त्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. त्याचा दगडसुद्धा विलायतेतून बोटीने आला!

मग पैसा कुठून आला? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या. तेव्हा आपल्या मुलखाच्या शेतकऱ्याने पिकवलेला कापूस या बंदरातून गेला. भाव भडकले, दलाल-व्यापारी गबर झाले. मुंबईची पहिली कापड गिरणी त्याआधीच, १८५६ साली, ताडदेवला सुरू झाली होती. पुढे परळ-लालबागला धुराड्यांचं रानच माजलं. कोकणातून, घाटावरून आपले वाडवडील आले, साच्यावर उभे राहिले. १८८८ साली बोरीबंदरचं टोलेजंग स्टेशन पुरं झालं, १८९३ साली समोर महापालिकेची इमारत. या वैभवाच्या मुळाशी कापूस आहे, आणि कापसाच्या मुळाशी शेतकरी आणि कामगार आहे.

एक गोष्ट चांगली झाली, तीही सांगितली पाहिजे. या रस्त्यावरच्या इमारतींना खाली कमानींचा ओटा ठेवण्याचा नियम १८९६ साली झाला. इमारत कुणाचीही असो, पायी चालणाऱ्याला ऊनपावसात आडोसा मिळतो. मालकाच्या जागेतून गरिबाला वाट काढून देता येते, हे त्या कमानी सांगतात. मनात असलं तर!

फाउंटनपासून हायकोर्ट हाकेच्या अंतरावर. तिथे २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. वर्षाला एक दिवस! आपल्या माणसांना सही करता येत नव्हती, पण हिशेब चोख येत होता.

आणि मग २१ नोव्हेंबर १९५५. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा घाट घातला गेला होता. त्या दिवशी मुंबईत हरताळ होता. भायखळा, परळ, लालबाग, जिकडून तिकडून माणूस फाउंटनकडे निघाला. हातात दगड नव्हे, मागणी होती. पोलिसांनी गोळ्या घातल्या. १५ जण पडले. पुढे लढ्यात ही संख्या शंभरावर गेली. त्यांत गिरणीतले होते, हमाल होते, पोरंसोरं होती. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो असा झाला. पुढे त्या चौकात स्मारक उभं राहिलं. मशाल धरून दोघे उभे आहेत. एक शेतकरी, एक कामगार. कापसाचा हिशेब तिथे पुरा झाला.

पण आपला हिशेब पुरा झाला का? १९८२ चा संप झाला, पुढे एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले. जमिनीवर मनोरे चढले, आणि गिरणीवाला घरासाठी अर्ज घेऊन फिरत राहिला. राजधानी मिळाली, पण राजधानीत राहायला जागा नाही, असं व्हावं म्हणून ते १५ जण पडले नव्हते.

म्हणून आमचं एकच सांगणं. पोराबाळांना घेऊन एकदा त्या रस्त्याने चाला. कमानीखालून जा, घाबरू नका, वाट आपली आहे. स्मारकापुढे उभे राहा आणि पोरांना सांगा, हा मशालवाला आपल्यातला आहे. आणि कुणी पत्ता विचारला तर फाउंटन म्हणू नका. हुतात्मा चौक म्हणा!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!