ग्रंथांचें घर

पुस्तकें विकत घेणें सोपें; त्यांना घर देणें कठीण. हा प्रश्न ज्यांनीं मनापासून सोडविला, त्यांत चार वेळां इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले ग्लॅडस्टन यांची गणना करावी लागेल. १८९० सालीं त्यांनीं पुस्तकांच्या ठेवणीवर निबंध लिहून तीन कसोट्या सांगितल्या : काटकसर, चांगली रचना, आणि हवें तें पुस्तक कमींत कमी वेळांत हातीं येणें. शोभा ही चौथी कसोटी त्यांत नाहीं.

पुढें शोभेनेंच कपाटाचा ताबा घेतला. १९८१ सालीं इटलींत एत्तोरे सोत्सास यांचें 'कार्लटन' निघालें; त्याच्या कित्येक फळ्या तिरप्या आहेत. १९९४ सालीं रॉन अराड यांची 'बुकवर्म', म्हणजे 'पुस्तकी किडा', ही प्लॅस्टिकची पट्टी बाजारांत आली. ती भिंतीवर अळीसारखी वळत जाते. दोन्ही वस्तु पाहणाऱ्याला मोह घालतात, हें कोणीहि मान्य करील. परंतु तिरप्या फळीवर पुस्तक उभें राहत नाहीं, तें कलतें. आणि वर्षानुवर्षें कललेल्या पुस्तकाची बांधणी खिळखिळी होते. मधलें एक काढलें, कीं शेजारचीं चार कोसळतात.

साध्या फळीलाहि तिचें शास्त्र आहे. ओळीनें भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा मधला बाक सोळापट होतो. जाडी दुप्पट केली, तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणूनच जाणता सुतार लांब फळीला मध्यें आधार दिल्यावांचून राहत नाहीं.

त्यांत आपल्याकडील पावसाळा! कागद हवेंतील ओल शोषून घेतो. मग बुरशी, कसर व वाळवी यांना आमंत्रण लागत नाहीं. कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें असावें, खालची फळी जमिनीपासून उंच असावी, आणि पुस्तकें इतकीं दाटून भरूं नयेत कीं काढतांना पाठ फाटावी. जुने शास्त्री पोथी दोन लाकडी फळ्यांत धरून बासनांत बांधीत. त्यामुळें पान वाकत नसे, धूळ शिरत नसे. आणि उन्हें पडलीं, कीं पोथ्या वाळवण्यास बाहेर निघत.

नवें कपाट घेणाऱ्या गृहस्थानें दुकानांत तें रिकामें पाहूं नये. घरच्या पुस्तकांनीं भरलेलें मनांत आणावें. मग एवढेंच विचारावें : दहा वर्षांच्या मुलीला त्यांतून हवें तें पुस्तक एकटीला काढतां येईल काय, आणि वाचून झाल्यावर परत ठेवतां येईल काय? उत्तर 'नाहीं' असेल, तर तें कपाट पाहुण्यांसाठीं आहे, पुस्तकांसाठीं नव्हे.